साथीच्या काळातील समाजमाध्यमे

साथरोग पसरलेला असताना लक्षणे, तपासणी, उपचार, लस, खाटा, औषधे यांची माहिती फेसबुक, ट्विटर (आताचे एक्स), यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप यांवरून लोकांपर्यंत पोहोचवणे आणि लोकांची गरज त्याच वाटेने यंत्रणेला कळणे, असा साथीच्या काळातील समाजमाध्यमांचा दुहेरी व्यवहार आहे. भारतात त्याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत गोंधळाचा अनुभव २०२०-२१च्या कोविड साथीत आला. समाजमाध्यमे म्हटले तरी मराठी घरात त्याचा अर्थ मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅप, आणि त्यातही नातेवाइकांचा ग्रुप.

अफवेला फोन लागतोच असे नाही. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, तेव्हा रुग्णालयात नेलेल्या माणसाच्या अंगातून मोमियाई (औषधी मानले जाणारे तेल) काढतात अशी बोलवा शहरभर झाली आणि ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. २००९च्या स्वाइन फ्लूत पुण्यात एसएमएस होते, आणि रुमालात कापूर-वेलची बांधून हुंगण्याचा उपाय होता. २०२१मध्ये त्याच पुरचुंडीत लवंग, ओवा आणि निलगिरीचे थेंब आले. आता ती हुंगल्याने रक्तातला ऑक्सिजन वाढत होता म्हणे. उपाय साधारण तोच राहिला, दावा तेवढा मोठा झाला.

असे उपाय सगळेच निरुपद्रवी नसतात. २०१४च्या इबोला साथीत नायजेरियात मिठाचे पाणी प्यायल्याने आजार टळतो असे संदेश फिरले. ते पिऊन किमान दोन जण दगावल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने तेव्हा नोंदवले. २०२०मध्ये इराणमध्ये दारूने विषाणू मरतो या समजुतीपायी मिथेनॉल प्यायलेले शेकडो लोक मेले. फेब्रुवारी २०२०च्या सुरुवातीलाच संघटनेने खऱ्या-खोट्या माहितीच्या या लोंढ्याला ‘इन्फोडेमिक’ म्हटले. हा शब्द २००३च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीच्या वेळचा. मराठीत त्याला माहितीची महासाथ म्हणता येईल.

सरकारी यंत्रणाही याच माध्यमांवर उतरल्या. मार्च २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्नोत्तरांची सेवा सुरू केली, केंद्र सरकारने मायगव्ह या आपल्या संकेतस्थळाचा मदतकक्ष त्याच ॲपवर आणला. महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे फेसबुक लाइव्हवरून राज्याशी बोलत. हे सगळे आवश्यकच होते. पण सरकारी पान माणसाने स्वतः जाऊन बघायचे असते. अफवा न बोलावता घरी येते, आणि तीही ओळखीच्या माणसाच्या हातून.

खरी मेख इथे आहे. संदेशावरचा विश्वास मजकुरामुळे बसत नाही, तो पाठवणाऱ्यामुळे बसतो. २२ मार्च २०२०च्या जनता कर्फ्यूआधी फिरलेले गणित पाहा : विषाणू १२ तास जगतो, कर्फ्यू १४ तासांचा, म्हणजे साखळी तुटली. बेरीज-वजाबाकी बरोबर होती. पहिले वाक्यच चूक होते. त्याच महिन्यात युनिसेफच्या नावाने एक संदेश आला : विषाणू जड असल्याने हवेत न राहता जमिनीवर पडतो, २६-२७ अंश तापमानात मरतो. युनिसेफने तो आपला नसल्याचे सांगितले, तरी तो फिरतच राहिला. कोंबडीच्या मांसातून कोरोना होतो या अफवेने तर राज्यातल्या कुक्कुटपालकांचा बाजारच बसवला. अशा संदेशांखाली बहुधा एक ओळ असे : ‘आला तसा पुढे पाठवत आहे.’ वाटायला नम्र, पण सगळी जबाबदारी झटकणारी. ट्विटरवर आरोग्य खाते चारचौघांत खुलासा करू शकते. व्हॉट्सअ‍ॅपचा संवाद मात्र कूटबद्ध. आत काय चालले आहे ते बाहेरच्याला दिसत नाही, त्यामुळे दुरुस्ती ग्रुपमधल्याच कुणीतरी करावी लागते. आणि घरातल्या सर्वांत मोठ्या काकांनी टाकलेला काढा कुचकामी आहे हे त्यांना सांगायचे कुणी?

कंपनीने केलेला उपाय तांत्रिक होता, आणि त्याचे मूळ अंशतः महाराष्ट्रातले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. देशभरातल्या अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. एप्रिल २०२०मध्ये, अनेकदा फिरून आलेल्या संदेशासाठी ती एकावर आली. त्यानंतर असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले.

एप्रिल-मे २०२१च्या दुसऱ्या लाटेत याच माध्यमांचे वेगळे रूप दिसले. खाट, ऑक्सिजन सिलिंडर, रेमडेसिविर, प्लाझ्मा यांसाठी लोक ट्विटरवर आणि इन्स्टाग्रामच्या स्टोऱ्यांवर हाका मारत होते. अनोळखी मुले-मुली दिवसभर पुरवठादारांना फोन लावून याद्या बनवत होती. या याद्यांतला मोलाचा भाग म्हणजे नंबरापुढची वेळ : ‘व्हेरिफाइड, सकाळी १०:४०’. दुपारी तीच यादी निरुपयोगी असे, कारण सिलिंडर तोवर संपलेले असत. काम झाले की जाणती माणसे ‘बेड मिळाला, आता फोन करू नका’ असे खाली लिहीत. पण तोवर निघालेले स्क्रीनशॉट फिरतच राहत आणि तो फोन वाजतच राही. या गर्दीत आगाऊ पैसे घेऊन गायब होणारे भामटेही होते. मदतीसाठी अशी पोस्ट टाकणाऱ्यांवर कारवाईची भीती निर्माण झाली, तेव्हा ३० एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागरिकांनी इंटरनेटवर मांडलेले गाऱ्हाणे दडपता येणार नाही असे बजावले.

दुर्गम भागात नेटवर्कबरोबर भाषेचाही प्रश्न येतो. प्रमाण मराठीतले आरोग्यसंदेश सगळीकडे लागू पडत नाहीत. मेळघाटात लसीविषयीचा संशय घालवण्यासाठी २०२१मध्ये अमरावती जिल्हा प्रशासनाला तिथल्या आदिवासींच्या कोरकू भाषेत चित्रफिती कराव्या लागल्या.