भोकांतून हवा फुंकून विमानाचं घर्षण कमी करण्याचा इतिहास

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत कास्टिंगला ब्लो-होल, म्हणजे वायूमुळे पडलेलं भोक, निघालं की जॉब रिजेक्ट. विमानाच्या पत्र्याला मात्र मुद्दाम हजारो भोकं पाडायची, त्यांतून हवा सोडायची आणि घर्षण घटवायचं, ही कल्पना इथल्या कारखानदाराला विचित्रच वाटेल.

जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत सीमास्तराचा, म्हणजे पृष्ठभागालगतच्या हवेच्या पातळ थराचा, सिद्धांत मांडला. पृष्ठभागाला लागून असलेली हवा थांबलेलीच असते. तिथून वर जाताना वेग जितक्या झपाट्यानं वाढतो, तितकं घर्षण जास्त. त्याच निबंधात त्यांनी नळकांड्याच्या फटीतून प्रवाह आत ओढूनही दाखवला. पुढे बरीच वर्षं भर फुंकण्यापेक्षा या आत ओढण्यावरच राहिला. नॉर्थ्रॉप या अमेरिकी कंपनीचं एक्स-२१ हे विमान १९६३ मध्ये उडालं, पंखांवर बारीक फटी घेऊन. धूळ आणि किडे यांनी त्या फटींची देखभाल जिकिरीची करून टाकली.

फुंकण्याची कल्पना पुढे आली ती उष्णतेच्या प्रश्नातून. अतिवेगवान यानांची तापणारी भिंत गार ठेवायला सच्छिद्र पृष्ठभागातून वायू सोडावा, असा तो विचार. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत मिक्ली आणि डेव्हिस यांनी सपाट पट्टीवर केलेली मोजमापं १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि घर्षण उतरल्याचं दिसलं. आतून येणारी संथ हवा वेगवान थराला भिंतीपासून दूर सारते, म्हणून हे घडतं. त्या काळात याकडे जोडलाभ म्हणूनच पाहिलं गेलं.

खोच अशी की भोकांमुळे पृष्ठभाग खडबडीत होतो आणि फुंकण्याआधीच घर्षण वाढतं. नासाच्या क्लीव्हलँड इथल्या केंद्रात डॅनी ह्वांग यांनी १९९० च्या दशकात भोकं पाव मिलिमीटरपेक्षाही बारीक ठेवून ही अडचण बरीच दूर केली. पट्टीवरचं घर्षण ५० ते ७० टक्क्यांपर्यंत उतरलं.

या आकड्यानं हुरळून जाऊ नये, असं मला वाटतं. तो भोकांच्या पट्टीपुरता आहे. फुंकायची हवा बाहेरून घेतली तर ती आधी विमानाच्या वेगाला आणावी लागते, आणि तेवढा रोध, म्हणजे विमानाला मागे खेचणारा जोर, विमानालाच सोसावा लागतो. शिवाय सीमास्तर जाड होतो, त्यामुळे दाबाचा रोध वाढतो. पंप लावला तर त्याचा खर्च वेगळाच. तरीही मोह सुटत नाही, कारण मोठ्या जेट विमानाच्या उड्डाणातला जवळपास निम्मा रोध या घर्षणाचा असतो. अर्थात फायदा झालाच तर तो लांब पल्ल्याच्या विमानांना. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाहून मुंबईच्या फेरीत फारसं हाती लागणार नाही.

बोइंग ७८७-९ च्या शेपटीवर बसवली गेली ती ओढण्याचीच पद्धत. फुंकण्याचं काम अजून विंड टनेलमध्ये, म्हणजे कृत्रिम वारा सोडून चाचणी घ्यायच्या बोगद्यात आहे. रशियात नोवोसिबिर्स्कला कोर्निलोव्ह या संशोधकांनी पंप टाळून समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या दाबावरच हवा भोकांत पोहोचवून पाहिली आहे.