जुन्या पिकअपची व्हिंटेज नोंदणी आणि एअर सस्पेंशन : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची रीत

जुनी शेव्हरोले, डॉज किंवा फार्गो पिकअप ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यापैकी अनेकांना दोन गोष्टी एकाच वेळी हव्या असतात. गाडीची व्हिंटेज वाहन म्हणून अधिकृत नोंदणी व्हावी ही पहिली इच्छा असते. मूळचे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) काढून त्यांच्या जागी एअर बॅग, म्हणजे हवेने फुगणाऱ्या रबरी पिशव्यांचे एअर सस्पेंशन, बसवावे आणि गाडी उभी केली की ती जमिनीला टेकेल इतकी खाली बसावी, ही दुसरी. या दोन इच्छा एका गाडीवर सहसा एकत्र नांदत नाहीत. यांतली कोणती खरी हवी आहे हे मालकाने गॅरेजात गाडी नेण्याआधीच ठरवले पाहिजे, कारण एकदा चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी चौकटीवर, गॅस कटर चालला की पहिला मार्ग जवळपास बंद होतो आणि दुसरा मार्गही कायद्याच्या दृष्टीने मोकळा राहत नाही. ही माहिती महाराष्ट्रातील वाचकांना समोर ठेवून लिहिली आहे. मात्र मूळ नियम केंद्राचे असल्यामुळे गोव्यातील आणि इतर राज्यांतील मालकांनाही ते तसेच लागू होतात.

पात्रता

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये जुलै २०२१ मध्ये दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांसाठी ८१-ए पासून पुढचे स्वतंत्र नियम घालण्यात आले. त्यांनुसार पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, व्यापारी वापरात नसलेली दुचाकी किंवा चारचाकी गाडी व्हिंटेज ठरू शकते आणि परदेशातून आणलेल्या गाड्याही यात येतात. येथे मोजणी नोंदणीच्या तारखेपासून होते, कारखान्यातून गाडी बाहेर पडल्याच्या सालापासून नव्हे. ऑगस्ट १९७४ मध्ये पहिल्यांदा नोंदलेल्या गाडीची पन्नास वर्षे ऑगस्ट २०२४ मध्ये भरली, मग ती गाडी त्याआधी कितीही वर्षे जुनी असो. म्हणून आरसी बुकावरील पहिल्या नोंदणीची तारीख हाच पात्रतेचा पहिला पुरावा समजावा.

दुसरी अट गाडीच्या मूळ रूपाची आहे. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि तिच्यात मोठा फेरबदल झालेला नसावा, असे नियम सांगतो. चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत केलेला बदल हा असा फेरबदल धरला जातो. एअर सस्पेंशनचा सगळा प्रश्न या एका वाक्यापाशी येऊन थांबतो, म्हणून त्याचा विचार पुढे सविस्तर केला आहे.

पिकअपच्या मालकांपुढे आणखी एक अडचण असते, जी मोटारकारच्या मालकांपुढे सहसा नसते. पिकअपची जुनी नोंदणी पुष्कळदा मालवाहू वाहन म्हणून झालेली असते, आणि व्हिंटेज नोंदणी मात्र खासगी, बिगरव्यापारी वापरासाठी आहे. आरसीवर वाहनाचा वर्ग मालवाहू असा लिहिलेला असेल, तर व्हिंटेजचा अर्ज भरण्यापूर्वी तो विषय आरटीओत लेखी मांडून मिटवावा. थकलेला वाहन कर, संपलेले योग्यता प्रमाणपत्र आणि गाडी वापरात नसल्याची सूचना वेळच्या वेळी दिली होती की नाही, हे प्रश्न याच टप्प्यावर निघतात. ते टाळून पुढे गेले तर अर्ज अर्ध्यावर अडकतो.

एअर सस्पेंशनमुळे नेमके काय बदलते

जुन्या पिकअपची चासी म्हणजे पुढून मागे जाणाऱ्या दोन लांब लोखंडी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे मेंबर. मागचा एक्सल या तुळयांच्या खालून जातो आणि पाट्यांवर टांगलेला असतो. एअर बॅगमधली हवा सोडली की चासी खाली येते आणि एक्सल तिच्या तुलनेत वर जातो. गाडी खरोखर जमिनीलगत बसवायची असेल तर एक्सलला वर जायला जागा लागते, आणि ती जागा करण्यासाठी तुळईचा खालचा भाग अर्धवर्तुळाकार कापून वरून नवा जाड पत्रा वेल्ड केला जातो. पाटे एक्सलला जागेवर धरूनही ठेवतात. ते काढले की ते काम करण्यासाठी चार दांड्यांची जोडणी बसवावी लागते आणि तिचे ब्रॅकेट पुन्हा चासीलाच वेल्ड होतात. पुढची बाजू तर त्याहून अवघड असते. शेव्हरोलेच्या पिकअपला १९५९ पर्यंत पुढे अखंड बीम एक्सल होता आणि स्वतंत्र चाकांचे सस्पेंशन १९६० च्या मॉडेलपासून आले. बीम एक्सल इंजिनाच्या खालून जात असल्याने पुढून गाडी खूप खाली आणायची तर तो काढून दुसऱ्या गाडीच्या धर्तीचा क्रॉस मेंबर घालावा लागतो. कॉम्प्रेसर, हवेची टाकी, व्हॉल्व आणि नळ्या बसवणे हा या सगळ्यातला सोपा भाग आहे, आणि गॅरेजवाले नेमके त्याच्याविषयी जास्त बोलतात.

असे काम केलेली गाडी कितीही देखणी असली, तरी तिची चासी मूळ राहिलेली नाही हे कोणत्याही मोटार वाहन निरीक्षकाला खाली वाकून पाहताच दिसते. व्हिंटेज नोंदणीसाठी अशी गाडी पात्र धरली जाईल अशी अपेक्षा ठेवू नये.

चासीला हात न लावता, मूळचे पाटे तसेच ठेवून, एक्सल आणि चासीच्या मध्ये क्लॅम्पने बसवायच्या मदतनीस एअर बॅगही मिळतात. त्या ओझे उचलायला पाट्यांना हातभार लावतात, गाडी खाली बसवत नाहीत आणि दोन बोल्ट काढले की निघतात. नियमातील चासी, बॉडी आणि इंजिन या तीन शब्दांच्या कक्षेत हा बदल सरळ येत नाही, असे माझे मत आहे. तरीही तपासणीचा निर्णय नोंदणी प्राधिकाऱ्याचा असतो. म्हणून असे काही बसवायचे असेल तर छायाचित्रांसह आधी लेखी विचारणा करावी आणि उत्तर कागदावर घ्यावे.

येथे एक उलट उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखे आहे. कॅडिलॅकच्या १९५७ च्या एल्डोराडो ब्रोममध्ये एअर सस्पेंशन कारखान्यातूनच होते आणि पुढे अनेक मालकांनी कटकट नको म्हणून ते काढून साध्या स्प्रिंग बसवल्या. त्या गाडीत एअर सस्पेंशन हेच मूळ रूप आहे. म्हणजे हवेचे सस्पेंशन चांगले की वाईट हा येथे मुद्दाच नाही. निर्मात्याने गाडी कशी दिली होती, एवढेच पाहिले जाते.

व्हिंटेज नोंदणी नको असेल तर

व्हिंटेज नोंदणी नको, साध्या नोंदणीवरच गाडी ठेवून एअर सस्पेंशन बसवतो, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि निर्मात्याने मुळात ठरवून दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. गाडीच्या रचनेत असा फरक, की ज्यामुळे तिचे मूलभूत वैशिष्ट्य बदलते, त्याला या कलमात बदल म्हटले आहे. इंधनाचा प्रकार बदलणारे मान्यताप्राप्त किट, परवानगीने इंजिन बदलणे आणि अपंग व्यक्तीसाठी गाडी अनुकूल करून घेणे यांसाठी कायद्याने वाट ठेवली आहे. पाटे काढून एअर बॅग बसवणे त्यांत नावाने येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात, निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येणार नाही, हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए मध्ये अशा बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा मालकासाठी सांगितली आहे.

काही जण आधी पाट्यांवर नोंदणी करून घेऊ आणि मग निवांत बॅग बसवू असा सल्ला देतात. तो मानू नये. व्हिंटेज प्रमाणपत्र मिळाल्यानंतरही कलम ५२ तितकेच लागू असते, आणि अपघात झाल्यास न कळवलेला बदल विमा कंपनीला दावा नाकारायला आयते कारण देतो. गाडी फक्त खासगी मैदानावरच फिरवणार आहोत, हा बचावही चालत नाही, कारण नोंदणीशिवाय गाडी चालवायला मनाई करणाऱ्या कलम ३९ मध्ये सार्वजनिक जागेबरोबर ‘इतर कोणतीही जागा’ असे शब्द आहेत.

कागदपत्रे

अर्ज फॉर्म २० मध्ये करायचा असतो. त्यासोबत चालू विमा पॉलिसी, ठरलेले शुल्क, भारतात आधी नोंदलेल्या गाडीसाठी जुने नोंदणी प्रमाणपत्र आणि परदेशातून आणलेल्या गाडीसाठी सीमाशुल्क खात्याचे बिल ऑफ एंट्री (आयातीची नोंद असलेला कागद) लागते. मालकाची ओळख आणि पत्ता यांचे पुरावे नेहमीप्रमाणे जोडावेत. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता आणि तो १९५४ पर्यंत चालला. पुढे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो बाहेर पडल्या. अशा भारतातच जुळवलेल्या गाडीच्या बाबतीत बिल ऑफ एंट्रीचा प्रश्न येत नाही, सगळा भार जुन्या आरसीवर असतो.

आणि नेमकी तीच हरवलेली असते. आरसी गहाळ असल्यास पोलिसांत नोंद करून फॉर्म २६ वर दुय्यम प्रत मागावी लागते. आरसी आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असून ते हयात नसतील, तर फॉर्म ३१ आणि वारसाचे कागद देऊन गाडी आधी आपल्या नावावर करून घ्यावी. विकत घेतलेल्या गाडीसाठी हेच काम फॉर्म २९ आणि ३० वर होते. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र फॉर्म २८ वर मागावे लागते. या नावबदलाच्या कामात व्हिंटेजच्या अर्जापेक्षा जास्त वेळ जातो, म्हणून गाडीचे काम गॅरेजात सुरू करण्याच्या दिवशीच कागदांचेही काम सुरू करावे.

चासी नंबराची विशेष काळजी घ्यावी. तपासणीच्या वेळी चासीवर कोरलेला नंबर, निर्मात्याच्या पाटीवरचा नंबर आणि आरसीतील नंबर पडताळले जातात, आणि अर्जाला पेन्सिलने घासून काढलेली त्या नंबराची छाप जोडावी लागते. पन्नास वर्षांचे रंगाचे थर आणि गंज यांखाली हे आकडे दिसेनासे झालेले असतात. मेकॅनिक घाईने त्यावर ग्राइंडर लावतात आणि उथळ कोरलेले आकडे कायमचे पुसून टाकतात. त्यानंतर गाडी खरी असूनही ती संशयास्पद ठरते. रंग विरघळवणारे द्रावण लावून, हलक्या हाताने तारेचा ब्रश फिरवून जागा मोकळी करावी, आकड्यांवर खडू चोळावा म्हणजे खाचा पांढऱ्या उठून दिसतात, आणि मगच कागद ठेवून छाप घ्यावी. चासी रंगवायला देण्यापूर्वी त्या जागेची जवळून छायाचित्रे काढून ठेवावीत.

अर्ज, शुल्क आणि क्रमांक

अर्ज परिवहन पोर्टलवरून भरता येतो. त्यानंतर गाडी तपासणीसाठी दाखवावी लागते. फॉर्म २० मध्ये इंजिन आणि चासी क्रमांक, निर्मितीचे साल, रिकाम्या गाडीचे वजन, टायरचे माप असे तपशील विचारले जातात. ते आजच्या गाडीवरून मोजून भरताना निर्मात्याच्या मूळ पुस्तिकेशी ताडून पाहावेत, कारण फरक दिसला की निरीक्षक त्याचे कारण विचारतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि त्यानंतरच्या पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आहे. प्राधिकाऱ्याने ६० दिवसांच्या आत फॉर्म २३-ए मध्ये प्रमाणपत्र द्यावे अशी तरतूद आहे, म्हणून अर्जाची पोच जपून ठेवावी.

भारतात आधी नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक कायम ठेवता येतो. बीएम किंवा एमआर अशा अक्षरांनी सुरू होणारे जुने मुंबईचे नंबर ज्यांच्याकडे आहेत, त्यांना ही सवलत किती मोलाची आहे हे वेगळे सांगायला नको. ज्या गाडीची नव्यानेच नोंदणी होते, तिला राज्याचा संकेत, त्यापुढे व्हिंटेजसाठी ‘व्हीए’, मग दोन अक्षरांची मालिका आणि ०००१ ते ९९९९ मधला आकडा, असा क्रमांक मिळतो. महाराष्ट्रात त्याची सुरुवात ‘एमएच व्हीए’ अशी आणि गोव्यात ‘जीए व्हीए’ अशी होते.

या नोंदणीवर गाडी रोजच्या किंवा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल अशा कारणांपुरतीच ती बाहेर पडू शकते. पिकअप आहे म्हणून शेतातला माल बाजारात नेला, तर तो अटींचा भंग होतो.

चासी आधीच कापलेली गाडी कोणी विकत घेतली असेल, तर ती व्हिंटेज करण्यासाठी दुसऱ्या पिकअपची अखंड चासी आणून खाली घालू नये. त्या चासीवर दुसऱ्या गाडीचा नंबर असतो आणि तो आरसीशी कधीच जुळणार नाही. जुना नंबर कापून नव्या चासीवर वेल्ड करणे हा तर सरळ गुन्हा ठरू शकतो. म्हणून खरेदीचा व्यवहार ठरवण्याआधी गाडी उचलून मागच्या एक्सलच्या वरची तुळई आतून आणि बाहेरून बॅटरीच्या उजेडात पाहावी, वेल्डिंगचा सांधा दिसतो का ते तपासावे, आणि विक्रेत्याच्या आरसीतील चासी नंबर तुळईवरच्या नंबराशी स्वतः वाचून जुळवावा.