एअर पिस्तुलासाठी वंगण तेलाची निवड

एअर पिस्तुलात छरा सुटतो तो हवेच्या किंवा कार्बन डायऑक्साइड वायूच्या दाबाने. दारूची काजळी इथे नसते; दाब धरून ठेवणारी सील आणि ओ-रिंग (गोल रबरी कडी) हेच या पिस्तुलाचे मर्म. म्हणून बंदुकीसाठीचे तेल एअर पिस्तुलाला चालेल हे गृहीत धरू नये. तेल निवडण्याआधी यंत्रणा कोणती आहे आणि थेंब नेमका कुठे पडणार आहे, या दोन गोष्टी पाहाव्या लागतात.

सर्वांत जास्त चुका स्प्रिंग-पिस्टन प्रकारात होतात. ट्रिगर दाबताच स्प्रिंग पिस्टनला पुढे फेकते आणि कॉम्प्रेशन चेंबरमधली हवा क्षणार्धात दाबली जाऊन तिचे तापमान कित्येकशे अंशांवर जाते. तिथे खनिज तेलाचा अंश असेल तर तो डिझेल इंजिनात इंधन पेटते तसा पेटतो. यालाच ‘डिझेलिंग’ म्हणतात. नव्या पिस्तुलातून सुरुवातीला थोडा धूर येणे स्वाभाविक आहे, कारण कारखान्यातले तेल जळत असते. मात्र कडाड असा आवाज, जळका वास आणि वर-खाली पसरणारे छरे ही धोक्याची खूण. अशा स्फोटाने पिस्टनला उलटा दणका बसतो, सील करपते, स्प्रिंग वाकते किंवा तुटते. वेगही दर छऱ्याला बदलत राहतो, त्यामुळे नेमबाजीला अर्थ उरत नाही.

चेंबरसाठी म्हणूनच शुद्ध सिलिकॉन तेल वापरतात. साधारण दाट सिलिकॉन तेलाचा ज्वलनांक सुमारे 300 अंश सेल्सियसच्या आसपास असतो; नेहमीच्या खनिज तेलांचा बहुधा 200च्या आसपास. तरीही प्रमाण एक थेंबाचेच. सिलिकॉन तेलही जास्त झाले की धूर येतो आणि वेग बिघडतो. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करावी, बॅरल (नळी) बिजागरीवर थोडे खाली वाकवून, पिस्तूल कॉक होण्याआधी (स्प्रिंग दाबली जाऊन अडकण्याआधी) थांबावे, चेंबरमधून नळीकडे हवा जाते त्या छिद्रात एक थेंब सोडावा आणि नळीचे तोंड वर ठेवून पिस्तूल रात्रभर उभे ठेवावे. नंतरचे काही छरे धुरकट व अनियमित जातात, ते मोजणीत धरू नयेत. तेल मुरले का हे पाहण्यासाठी रिकामे पिस्तूल झाडू नये, कारण छऱ्याचा अडथळा नसेल तर पिस्टन थेट आदळतो. चामड्याचे सील असेल तर ते वाळू नये म्हणून तेल अधिक वेळा लागते. कृत्रिम सीलला मात्र कॉक करताना करकर ऐकू येईपर्यंत सहसा काही लागत नाही.

सिलिकॉनची मर्यादाही मोठी आहे. धातूवर धातू जोराने घासत असेल तिथे त्याचा थर टिकत नाही. स्प्रिंग, बॅरलची बिजागरी, कॉकिंगचा दांडा यांना मॉलिब्डेनम डायसल्फाइडयुक्त ग्रीस (‘मॉली’) लावावे. स्प्रिंग झणझणत असेल तर डांबरासारखे चिकट ग्रीस पातळ थरात लावल्यास ते कंपन शोषते. जाड थर दिला तर वेग घटतो. ट्रिगरच्या आतील अडकणीला बोट लावण्यापूर्वी उत्पादकाची पुस्तिका वाचावी.

कार्बन डायऑक्साइडच्या पिस्तुलात तापमान वाढत नाही, उलट वायू पसरताना घटते. इथे अडचण ओ-रिंगची असते. हा वायू रबरात मुरतो, रबर फुगते आणि सुकल्यावर गळती सुरू होते. त्यामुळे 12 ग्रॅम वायूच्या काडतुसाच्या टोकावर अधूनमधून एक थेंब तेल ठेवून ते बसवण्याची जुनी पद्धत उत्तम आहे. काडतूस टोचले गेले की वायूबरोबर तेल व्हॉल्व्हपर्यंत पोहोचते. यासाठी उत्पादकाने सांगितलेले खास तेल किंवा सिलिकॉन तेल घ्यावे. स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे-पुढे करणाऱ्या पिस्तुलांच्या रुळांना सिलिकॉन ग्रीसचा पुसट थर पुरतो.

आधीच भरलेल्या हवेवर चालणाऱ्या स्पर्धेच्या पिस्तुलांत टाकीचा दाब बहुधा 200 बार असतो. एवढ्या दाबाच्या हवेत खनिज तेल किंवा ग्रीस पेट घेऊ शकते, म्हणून टाकी, भरण्याचा जोड आणि पंप यांना ते लावूच नये. ओ-रिंग बदलताना पाणबुडे वापरतात त्या प्रकारचे शुद्ध सिलिकॉन ग्रीस बोटाने पुसट लावावे. फक्त ओ-रिंग स्वतः सिलिकॉन रबराची असेल तर सिलिकॉन तेलाने ती फुगते. एकाच झटक्यात हवा भरणाऱ्या पिस्तुलात पंपाच्या सीलला एक थेंब सिलिकॉन आणि दांड्याच्या खुंटीला किंचित मॉली एवढे पुरे.

डब्ल्यूडी-40 सारखे फवारे वंगण म्हणून वापरू नयेत. त्यातला द्रावक उडून गेल्यावर चिकट थर उरतो, आणि द्रावक आत शिरला तर सीलला अपाय करतो. ‘सिलिकॉन स्प्रे’ या नावाने मिळणाऱ्या डब्यांतही बहुधा पेट्रोलियम द्रावक असतो. डब्यावरची घटकांची यादी वाचावी.

नळीच्या आत तेल लावण्याची सहसा गरज नसते. दमट जागी ठेवायचे असेल तर पातळ तेलाचे कापड नळीतून एकदा फिरवावे, मात्र पुन्हा छरा भरण्याआधी कोरडे कापड ओढून ते पूर्ण काढावे. स्प्रिंग पिस्तुलाच्या नळीतले तेल चेंबरमध्ये ओघळले तर पुढच्याच छऱ्याला डिझेलिंग होते.