ब्लिझर्ड, स्लश आणि 'चुकीचा बर्फ'

"तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत मी," असं आपल्याकडे वडीलधारी मंडळी सुनावतात. 'वर्ष' हा शब्दही मुळात पावसाचाच. हजारेक वर्षांपूर्वीचा इंग्रज मात्र वय हिवाळ्यात मोजायचा. जुन्या इंग्रजी महाकाव्यातला बेओवुल्फ आपल्या लोकांवर राज्य करतो ते पन्नास हिवाळे. आपल्या पूर्वजांनाही ही रीत परकी नव्हती. ऋग्वेदात दीर्घायुष्य मागताना 'शतं हिमाः' असा शब्दप्रयोग येतो, म्हणजे शंभर हिवाळे. त्यातलं 'हिम' मराठीत झिजत झिजत 'हिव' झालं आणि हिवाळ्यात, हिवतापात, अंगात भरणाऱ्या हिवात येऊन राहिलं. लॅटिनमधल्या त्याच्या भावंडापासून इंग्रजीने प्राण्यांच्या दीर्घ झोपेसाठी 'हायबरनेट' हे क्रियापद घेतलं.

'स्नो'चं नातं याहून गमतीचं आहे. इंग्रजी स्नो, रशियन स्न्येग, लॅटिन निक्स हे सगळे एकाच मूळ धातूचे वंशज, आणि बरेच भाषाशास्त्रज्ञ संस्कृतातला 'स्निह्' हा धातूही याच घराण्यात बसवतात. सगळ्यांना ते पटलेलं नाही. पण ते मान्य केलं, तर तिकडे आभाळातून पडणारा स्नो आणि आपल्याकडचा स्नेह (तेलातला काय नि मायेतला काय) सख्खे नसले तरी चुलत ठरतात. चिकटणं, ओलं होणं हा या शब्दांतला समान धागा मानला जातो. लॅटिन 'निक्स'वर खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरने एक कोटीही करून ठेवली आहे. १६११ साली त्याने हिमकणाला सहाच बाजू का असतात यावर एक छोटी पुस्तिका लिहून ती आपल्या आश्रयदात्याला नववर्षाची भेट म्हणून दिली. भेट कशाची, तर 'निक्स'ची. लॅटिनमध्ये निक्स म्हणजे हिम, आणि जर्मन बोलीत निक्स म्हणजे काहीच नाही!

इंग्रजीकडे हिमाचे शब्द भरपूर असतील अशी आपली समजूत असते. पण जुन्या इंग्रजीचं भांडवल बेताचंच दिसतं: स्नो, आइस, फ्रॉस्ट, हेल आणि गोठलेल्या धुक्यासाठी 'राइम'. कारण उघड आहे. अटलांटिकवरून येणाऱ्या उबदार वाऱ्यांमुळे इंग्लंडमध्ये हिम पडतं ते बहुधा ओलसर, आणि टिकतही नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत थंडी कडक होती, थेम्स नदी अधूनमधून गोठायची आणि तिच्यावर जत्रा भरायच्या. शेवटची १८१४ साली भरली. पण त्या जत्रांमधून भाषेला फारसं काही मिळालं नाही. मिळालं ते चिखलातून. वितळत्या हिमाच्या राड्याला 'स्लश' म्हणतात. पुढे जहाजावरचे खलाशी खारवलेलं मांस उकळल्यावर वर येणाऱ्या चरबीलाही स्लश म्हणू लागले. ती विकून आलेल्या पैशांचा तो 'स्लश फंड'. आज हा शब्द राजकारण्यांच्या गुप्त गंगाजळीसाठी वापरतात आणि त्यातलं मांसही कोणाला आठवत नाही.

सीमेपलीकडे स्कॉटलंडमध्ये चित्र वेगळं. ग्लासगो विद्यापीठाने स्कॉट्स भाषेचा ऐतिहासिक शब्दसंग्रह तयार करायला घेतला आणि २०१५ मध्ये जाहीर केलं, की हिमाशी संबंधित ४२१ शब्द सापडले. मोठ्या हिमकणाला 'स्केल्फ', हलक्याशा सरीला 'फ्लिंड्रिकिन', कोपऱ्यावर भोवऱ्यासारखं फिरणाऱ्या हिमाला 'फीफल', बर्फ वितळायची सुरुवात होते तिला 'अन्ब्राक'. मेंढ्या डोंगरावर असतात तेव्हा माणसाला हे फरक करावेच लागतात. कोकणातला माणूस पावसाची भुरभुर, रिपरिप, सर, झड आणि संततधार वेगळी ओळखतो, तो काही हौसेने नव्हे.

इंग्रजीला खरा हिवाळा भेटला तो अमेरिकेत, आणि तिथेच तिच्या सर्वांत दणकेबाज हिमशब्दाला आज माहीत असलेला अर्थ मिळाला. 'ब्लिझर्ड' (आजच्या अर्थाने घोंघावतं हिमवादळ) हा शब्द १८२० च्या दशकात अमेरिकेत होता, पण तेव्हा त्याचा हिमाशी काही संबंध नव्हता. ब्लिझर्ड म्हणजे जोरदार फटका, तडाखा. सीमाभागातला प्रसिद्ध शिकारी आणि राजकारणी डेव्हिड क्रॉकेट याने तो बंदुकीच्या बाराला आणि शाब्दिक तडाख्यालाही वापरला आहे. मार्च १८७० मध्ये आयोवा राज्याच्या उत्तर भागाला एका हिमवादळाने झोडपलं. एस्टरव्हिल या लहानशा गावातून 'नॉर्दर्न व्हिंडिकेटर' नावाचं पत्र निघत असे. त्याने एप्रिलमध्ये त्या वादळाला ब्लिझर्ड म्हटलं, तेही अवतरणचिन्हांत आणि एकच 'झेड' घालून. शब्द गावात तोंडी फिरत असावा आणि संपादकाला तो छापताना जरा संकोच वाटला असावा, असं ती चिन्हं पाहून वाटतं. भाषा-अभ्यासक ॲलन वॉकर रीड याने १९२८ मध्ये जुने अंक चाळून हा माग काढला. म्हणजे तडाखा माणसांच्या मारामारीतून उचलला आणि आभाळाच्या हातात दिला. 'गारांनी झोडपलं' म्हणताना मराठीनेही तेच केलं आहे.

१८८०-८१ चा लांबलेला हिवाळा आला आणि हा शब्द अमेरिकाभर पसरला. १८८८ ने तो पक्का केला, तोही दोनदा. त्या वर्षी १२ जानेवारीला डाकोटा आणि नेब्रास्काच्या माळरानावर सकाळी उबदार ऊन होतं, त्यामुळे मुलं जाड कोट न घालताच शाळेत गेली. दुपारी उत्तरेकडून पांढरी भिंत चालून आल्यासारखं वादळ आलं आणि तापमान कोसळलं. शाळेतून घराकडे निघालेली मुलं वाटेतच हरवली. मृतांचा आकडा सर्वसाधारणपणे २३५ दिला जातो. त्या वादळाला आजही 'शाळकरी मुलांचा ब्लिझर्ड' म्हणतात. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ११ ते १४ मार्चला, पूर्व किनाऱ्याची पाळी आली. न्यू यॉर्क शहर हिमाखाली गाडलं गेलं, डोक्यावरच्या तारा तुटून पडल्या, उन्नत मार्गावरच्या गाड्या प्रवाशांसकट अडकल्या. पूर्व किनाऱ्यावर ४०० हून अधिक माणसं दगावली. माजी सिनेटर रॉस्को कॉन्कलिंग वॉल स्ट्रीटवरून पायीच घराकडे निघाले, युनियन स्क्वेअरजवळ हिमात कोसळले आणि पुढच्या महिन्यात वारले. तारा जमिनीखाली नेण्याला आणि भुयारी रेल्वेच्या मागणीला या वादळाने जोर दिला. न्यू यॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली.

आज अमेरिकेच्या हवामान खात्याने या शब्दाला मोजमापात बसवलं आहे: वारा ताशी सुमारे ५६ किलोमीटर किंवा त्याहून जास्त, दृश्यमानता सुमारे ४०० मीटरहून कमी, आणि हे सगळं निदान तीन तास. वरून नवं हिम पडलंच पाहिजे अशी अट नाही. जमिनीवरचं उडालं तरी पुरे. बार-तडाख्याच्या शब्दाने एवढी शिस्त पाळावी, हे मला त्याच्या पूर्वायुष्याच्या मानाने जरा उदासच वाटतं.

बाकी सामान इंग्रजीने ज्याच्या त्याच्याकडून उचललं. कोसळणाऱ्या हिमकड्याला 'अव्हलांश' आणि हिमनदीला 'ग्लेशियर' हे शब्द आल्प्समधल्या फ्रेंच बोलींतून आले. 'स्की' नॉर्वेतून आली. मूळ अर्थ लाकडाची फळी. 'स्ले' ही घसरगाडी न्यू यॉर्कच्या डचांकडून, तसलीच सपाट 'टोबॉगन' कॅनडातल्या मिकमाक लोकांकडून फ्रेंचमार्गे, साबुदाण्यासारख्या मऊ गारांचं 'ग्राउपेल' जर्मनमधून. 'पार्का' हा टोपीवाला जाड कोट सैबेरियातल्या नेनेट्स भाषेतून रशियनमार्गे अलास्कात आला. तसलाच 'अनोरॅक' ग्रीनलंडचा, ब्रिटनमध्ये मात्र तो घालून रेल्वे फलाटावर इंजिनांचे नंबर टिपत बसणाऱ्यांमुळे कंटाळवाण्या छंदिष्टालाच लोक अनोरॅक म्हणू लागले. खुद्द इंग्रजी भाषिकांतही एकमत नाही: 'स्लीट' म्हटलं की लंडनकराला पाऊस आणि हिम यांचं मिश्रण दिसतं, तर अमेरिकन हवामान खातं त्याच शब्दाने गोठलेल्या थेंबांचे कडक दाणे सांगतं. प्रवाशाने कोणत्या देशाचा अंदाज ऐकतोय हे आधी पाहावं.

ब्रिटिशांच्या वाट्याच्या सर्वांत लाडक्या हिमप्रयोगाचं श्रेय रेल्वेला जातं. फेब्रुवारी १९९१ मध्ये तिथे नेहमीपेक्षा वेगळं, कोरडं आणि पिठासारखं भुरभुरीत हिम पडलं. ते विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मोटरींमध्ये हवेबरोबर ओढलं गेलं, मोटरी बंद पडल्या आणि गाड्या अडकल्या. ब्रिटिश रेल्वेचे अधिकारी टेरी वॉरल यांनी बीबीसी रेडिओवर सांगितलं, की या प्रकारच्या हिमाने अडचण केली आहे, आपल्याकडे असं हिम क्वचित पडतं. मुलाखत घेणारे जेम्स नॉटी लगेच म्हणाले, अच्छा, म्हणजे हिम चुकीच्या प्रकारचं होतं! मग वृत्तपत्राने मथळा केला आणि वॉरलसाहेबांनी न उच्चारलेलं वाक्य त्यांच्या नावावर कायमचं चिकटलं. 'चुकीचा बर्फ' म्हणजे लंगडी सबब, असा अर्थ आता रूढ आहे. खरं तर वॉरल बरोबर बोलत होते. मुंबईत लोकल थांबल्यावर निवेदिकेने 'तांत्रिक बिघाड' म्हणायच्या ऐवजी नेमकं कारण सांगितलं, तर आपणही बहुधा असेच हसू.

एस्किमोंकडे बर्फासाठी शंभर शब्द आहेत, हे वाक्य तर आपल्याकडच्या भाषणांतही ऐकू येतं. त्याची सुरुवात साधी होती. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस याने १९११ मध्ये चार शब्द दिले: जमिनीवरचं हिम, पडणारं हिम, वाऱ्याने वाहणारं हिम आणि वाऱ्याने रचलेला ढीग. त्याला शब्द मोजायचे नव्हतेच. इंग्रजी जसं पाण्यासाठी नदी, तळं, दव, पाऊस असे वेगवेगळे शब्द ठेवते तसंच हे, एवढंच त्याचं म्हणणं. १९४० मध्ये विमा कंपनीत आगप्रतिबंधाचं काम करणारा भाषातज्ज्ञ बेंजामिन ली व्होर्फ याने एका लोकप्रिय लेखात तो धागा उचलला, आणि पुढे आकडा ज्याला जसा हवा तसा फुगत गेला. १९८६ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ लॉरा मार्टिन यांनी ही फुगवाफुगवी दाखवून दिली, आणि मग जेफ्री पुलम या भाषाशास्त्रज्ञाने तिची यथेच्छ टर उडवली.

मोजणीच चुकीची आहे, कारण त्या भाषांत प्रत्ययावर प्रत्यय चढवून एक शब्द वाक्याएवढा लांबवता येतो. आपल्या 'घरातल्यांनासुद्धा'मध्ये किती शब्द मोजायचे? एक म्हणायचं, तर मराठीत घरासाठी शेकडो शब्द आहेत असंही म्हणता येईल. या पिकल्या वाक्यामुळे इंग्रजीला आणखी एक शब्द मिळाला. 'एस्किमोंकडे अमुक इतके शब्द, तर तमक्यांकडे...' अशा साच्यातल्या वाक्यांना काय म्हणावं, असं पुलमने विचारलं आणि २००४ मध्ये ग्लेन व्हिटमन याने उत्तर सुचवलं: 'स्नोक्लोन'.

अलीकडची भर बहुतेक बातम्यांनी घातली. फेब्रुवारी २०१० मध्ये वॉशिंग्टन हिमाखाली गेलं तेव्हा 'स्नोमॅगेडन' झालं, आणि ओबामांनीही तो शब्द वापरला. 'बॉम्ब सायक्लोन' हा मात्र वृत्तवाहिन्यांचा शोध नाही. हवेचा दाब २४ तासांत साधारण २४ मिलिबारने उतरला तर त्या वादळाला 'बॉम्ब' म्हणायचं, हे सँडर्स आणि ग्याकम या हवामानशास्त्रज्ञांनी १९८० मध्येच मांडलं होतं.

मराठी घरात स्नो आला तो आभाळातून नव्हे, बाटलीतून. मुंबईच्या पाटणवालांनी १९१९ मध्ये 'अफगाण स्नो' बाजारात आणला आणि 'स्नो-पावडर' हा नट्टापट्ट्याचा जोडशब्द होऊन बसला. आभाळातल्या हिमासाठी आपण फारसीतून आलेल्या 'बर्फा'वर भागवलं, जो सरबतातही असतो, मासळीबाजारातही आणि मनालीच्या फोटोतही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ दव गोठलं की वर्तमानपत्रं 'हिमकण' लिहितात, तेवढाच काय तो अपवाद. टोरांटो किंवा न्यू जर्सीतल्या बऱ्याच मराठी घरांत ही वाटणी बोलता बोलता झाली आहे: बर्फ फ्रीजमध्ये, स्नो अंगणात. तिथली आई डिसेंबरात फोनवर मुलाला विचारते, "स्नो काढलास का? आणि पायरीवर मीठ टाकलंस ना?"