शिवरात्रीच्या तोंडावर परत फिरलेली थंडी अन् वाडीतली झाडं

थंडी शिवरात्रीला शिव शिव म्हणत जाते असं आपल्याकडे म्हणतात, पण एखाद्या वर्षी ती जाऊन परत फिरते. दुपारी पंखा लागायला लागलेला असतो, स्वेटर पेटीत गेलेले असतात, वाडीत काकडी-दोडक्याचे वेल दोन-चार पानांवर, टमाटर फुलावर, आंब्याला मोहोर, अन् मग दोन दिवस ढगाळ जातात, थोडा शिडकावा होतो, आभाळ मोकळं होतं आणि त्या रात्रीपासून जी उत्तरेची हवा सुटते की सकाळी चुलीजवळून उठावंसं वाटत नाही. हे काम पश्चिमी विक्षोभाचं. भूमध्य समुद्राकडून निघालेली ही गडबड हिमालयाकडून पुढं सरकली की तिच्यामागून उत्तरेची कोरडी गार हवा मध्य प्रदेशातून खाली आपल्याकडे विदर्भात येते.

नागपूरला २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंश नोंदले गेले होते, फेब्रुवारीत सहसा तेवढं उतरत नाही. हवामान खातं सपाट भागात किमान तापमान १० किंवा त्याखाली आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी असलं की थंडीची लाट म्हणतं, आणि फेब्रुवारीतलं आपलं नेहमीचं किमान १५ च्या आसपास असतं. मग डिसेंबरात ह्यापेक्षा जास्त थंडी सोसलेली झाडं आत्ताच का मान टाकतात?

कारण झाडाची थंडीची तयारी मोडलेली असते. डिसेंबरात गारवा हळूहळू वाढतो, तसं झाड पेशींत साखर जमवतं, वाढ आवरती घेतं, आणि पेशीभोवतीच्या पडद्यातली स्निग्ध द्रव्यं बदलतं. हा शेवटचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपासच थिजतं, बाटली दगड होते, अन् त्याच फळीवर ठेवलेलं जवसाचं तेल कडाक्याच्या थंडीतही पातळ राहतं, कारण दोघांतली फॅटी ॲसिड वेगळी. पेशीचा पडदाही अशाच द्रव्यांचा बनलेला असतो, थंडीत तो घट्ट झाला की त्याची कामं अडतात, आतले क्षार बाहेर झिरपतात, पानावर पाणी शिरल्यासारखे डाग पडतात आणि दोन दिवसांनी तेच तपकिरी होतात. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. टमाटर, मिरची, वांगं, काकडी, पपई, केळी ही मूळची गरम मुलखातली झाडं, त्यांना १०-१२ अंशांखालीच त्रास सुरू होतो. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, कोबी यांना काही होत नाही, त्यांच्यासाठी धावपळ करू नका. झाडाला ही तयारी करायला बरेच दिवस लागतात आणि मोडायला थोड्याच गरम दुपारी पुरतात. म्हणूनच फेब्रुवारीत कोवळी फूट काढण्यासाठी युरिया टाकायचा असेल तर थंडीचा अंदाज बघूनच टाका, ती लुसलुशीत पालवीच आधी जाते.

आता दुसरी गोष्ट, मोबाईलवर दिसणारा आकडा तुमच्या वाडीचा नसतो. हवामान केंद्रातला थर्मामीटर जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, हवा खेळत्या लाकडी पेटीत असतो. आपलं काकडीचं पान मात्र जमिनीलगत, उघड्या आभाळाखाली, अन् ते रात्रभर आपली उष्णता डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांतून वर फेकत राहतं. ढग किंवा धुवारी म्हणजे धुकं असलं तर त्यातली बरीच उष्णता परत खाली येते, पण आभाळ स्वच्छ, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला की पान भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं, म्हणजे मोबाईलवर १० आणि पानावर ७ असं होऊ शकतं. गार हवा जड असते, ती नाल्याच्या अंगाला, बांधाच्या मागे साचते, म्हणून एकाच वाडीत वरचा वाफा टवटवीत अन् खालचा काळवंडलेला दिसतो. खालच्या बाजूचं तुराट्यांचं कुंपण फार गच्च असेल तर तिथं थोडी फट ठेवा, हवा वाहून जाईल.

एकदा हे कळलं की उपाय सोपे वाटतात. पानाला आभाळ दिसू द्यायचं नाही, बस. कवेलूच्या (कौलांच्या) वळचणीखाली किंवा कडुनिंबाखाली ठेवलेली रोपं वाचतात ती यामुळेच. उघड्यावरच्या वाफ्यावर चार काड्या रोवून जुनं लुगडं, चादर, पोतं टाका आणि कडा जमिनीपर्यंत येऊ द्या, कारण दिवसभर तापलेल्या मातीची उष्णताच आत अडवायची आहे, नुसतं झाडाचं डोकं गुंडाळून काही होत नाही. प्लास्टिक पन्नी मला पसंत नाही, साध्या पन्नीतून इन्फ्रारेड बरंचसं निसटतं आणि तिला चिकटलेलं पान हमखास जातं. लुगड्याखाली पाण्याची भरलेली वीस लिटरची कॅन ठेवली तर ती पाच अंश गार होताना जेवढी उष्णता सोडते ती ६० वॅटचा बल्ब जवळपास दोन तास लावल्याएवढी असते.

माती ओली हवी. कोरड्या मातीत हवा भरलेली असते, ती उष्णता साठवतही नाही अन् खालून वर येऊही देत नाही, म्हणून थंडीच्या आदल्या दिवशी सकाळीच हलकं ओलित करा, दुपारचं ऊन त्या ओल्या काळ्या मातीत मुरेल. विहिरीचं ताजं पाणी चालतं, खोल जमिनीचं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही म्हणून ते थंडीत कोमट लागतं. रात्रभर उघड्या टाक्यात गारठलेलं पाणी पहाटे देऊ नका. त्या दिवशी खुरपणीही नको, मोकळी केलेली माती लवकर गार पडते. कुटाराचं, म्हणजे मळणीतल्या भुशाचं, आच्छादन उन्हाळ्यात फार कामाचं, पण अशा रात्री ते मातीची उष्णता खालीच दाबून ठेवतं आणि वरची पानं उघडी पडतात, म्हणून नाजूक रोपांभोवतीचं कुटार दोन दिवस बाजूला सारा.

धुराबद्दल आपल्याकडे फार विश्वास आहे, सगळे पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, पेटवतात. धुराचे कण इन्फ्रारेड अडवायला फार बारीक पडतात, फायदा होतो तो जाळाच्या उष्णतेचा आणि हवा ढवळली जाण्याचा, आणि धूर सकाळपर्यंत रेंगाळला तर उलट ऊनच अडवतो. वाडीसाठी लुगडं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सकाळी मात्र घाई नको. गारठलेलं पान प्रकाश पकडतं, पण त्याचं अन्न बनवण्याचं काम मंदावलेलं असतं, उरलेली ऊर्जा पानालाच जाळते आणि ते पांढुरकं पडतं, म्हणून हवा जरा तापल्यावरच कापड काढा. दहा वाजता ओल्या मातीतही काकडीचा वेल मलूल दिसला तर पाणी ओतू नका, गार मातीत मुळांना पाणी ओढता येत नाही, दुपारी तो स्वतःहून उभा राहतो. टमाटराची फुलं गळाली तरी झाड उपटायचं नाही, थंडीत परागकण काम करत नाहीत म्हणून ती गळतात, पुढचा बहर लागतो. आंब्याचंही तेच, मोहोर थंडीत सापडला तर फलन नीट होत नाही आणि बऱ्याच बारक्या कैऱ्या कोयीविनाच राहून गळतात.

पानं करपली तर लगेच छाटू नका, कुठवर मेलं ते कळायला आठ-दहा दिवस जातात आणि परत थंडी आली तर वरची मेलेली पानंच खालच्या फुटीला झाकतात. बुडाजवळची साल नखानं खरवडून बघा, आतून हिरवी असेल तर फुटेल. काकडीचा वेल बुडापासून गेला असेल तर बी परत टोका, पण माती दुपारी हाताला गरम लागेपर्यंत थांबा, गार मातीत ते बी उगवायच्या आधीच सडतं.