सयामी जुळ्यांचे फिरते खेळ

जन्मतः शरीराने एकमेकांना जोडलेल्या जुळ्यांनी गावोगाव फिरून, तिकीट लावून केलेल्या करमणुकीच्या प्रयोगांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुख्यतः अमेरिका व युरोपात टिकून होती. जत्रेतील तंबू, संग्रहालय म्हणवली जाणारी करमणुकीची सभागृहे, सर्कस आणि पुढे मोठी नाट्यगृहे अशा ठिकाणी हे प्रयोग होत. खेळाचा करार कोणाच्या नावाने झाला आहे आणि तिकिटाचे पैसे कोणाच्या हाती जातात, यावर या जुळ्यांच्या आयुष्याची दिशा बहुतेक वेळा ठरली.

या व्यवसायाचा पाया चँग आणि एंग या भावांनी घातला. ‘सयामी जुळी’ हे नावही त्यांच्यावरूनच रूढ झाले. ११ मे १८११ रोजी सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, एका चिनी कोळ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापाशी असलेल्या एका मांसल पट्ट्याने ते जोडलेले होते. रॉबर्ट हंटर हा ब्रिटिश व्यापारी आणि एबल कॉफिन हा अमेरिकी कप्तान यांच्या पुढाकाराने ते १८२९ मध्ये बॉस्टनला पोहोचले. सुरुवातीच्या खेळांत लांब वेण्या आणि पौर्वात्य पोशाख अशा वेषात ते कोलांट्या मारत, पटावरचे डाव खेळत आणि प्रेक्षकांतील एखाद्याला उचलून दाखवत. वयाची २१ वर्षे पूर्ण होताच, १८३२ मध्ये, त्यांनी कॉफिनशी संबंध तोडला आणि आपला कारभार आपल्या हाती घेतला. त्यानंतर खेळाचे रूपही पालटले. कोट-पाटलोण घातलेले हे दोघे भाऊ घरी आलेल्या पाहुण्यांशी बोलावे तसे प्रेक्षकांशी इंग्रजीत गप्पा मारू लागले.

साठवलेल्या पैशांतून १८३९ मध्ये ते नॉर्थ कॅरोलिना राज्यात स्थायिक झाले. त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व आणि बंकर हे आडनाव घेतले, १८४३ मध्ये अ‍ॅडलेड आणि सारा येट्स या सख्ख्या बहिणींशी लग्ने केली, आणि पुढे दोन घरे बांधून तीन दिवस एकाच्या, तीन दिवस दुसऱ्याच्या घरी राहण्याचा नेम आयुष्यभर पाळला. दोघांना मिळून २१ मुले झाली. त्यांच्या शेतावर गुलाम राबत होते. ज्यांनी दुसऱ्याच्या ताब्यात राहण्याचा जाच स्वतः सोसला होता, त्यांनीच माणसे विकत घेतली, ही त्यांच्या चरित्रातील सर्वांत अवघड बाब असून ती वगळून त्यांचे कौतुक करणे योग्य ठरत नाही. यादवी युद्धात दक्षिणेचा पराभव झाल्यावर त्यांची मिळकत घटली आणि उतारवयात त्यांना पुन्हा दौऱ्यावर निघावे लागले. १७ जानेवारी १८७४ रोजी प्रथम चँग आणि काही तासांत एंग मरण पावला. फिलाडेल्फियात झालेल्या शवचिकित्सेत दोघांची यकृते परस्परांना जोडलेली असल्याचे आढळले.

त्याच नॉर्थ कॅरोलिनात, ११ जुलै १८५१ रोजी, मिली आणि क्रिस्टीन मॅकॉय या बहिणी गुलामगिरीत जन्मल्या. वडील जेकब आणि आई मोनेमिया हे जेबेझ मॅके नावाच्या लोहाराच्या मालकीचे होते. जन्मानंतर वर्षाच्या आतच या मुली खेळ दाखवण्यासाठी विकल्या गेल्या आणि नंतर एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिल्या. जोसेफ स्मिथ याने त्यांची मालकी मिळवली होती. परंतु त्यांना पळवून ब्रिटनमध्ये नेण्यात आले आणि तेथे त्यांचे खेळ लावण्यात आले. अखेर स्मिथ मोनेमियाला बरोबर घेऊन समुद्रापार गेला, आणि १८५७ मध्ये बर्मिंगहॅम येथे मुली आईला परत मिळाल्या. गुलामगिरी मोडीत निघालेल्या देशात मालकाच्या कागदापेक्षा आईचा हक्क मोठा ठरला, हे या प्रकरणाचे वैशिष्ट्य आहे. मात्र सगळे पुन्हा अमेरिकेत परतले, आणि तेथे या माय-लेकी आणखी काही वर्षे कायद्याने स्मिथच्याच मालमत्तेत मोडत होत्या.

स्मिथच्या पत्नीने त्यांना लिहिणे-वाचणे, संगीत आणि परकीय भाषा शिकवल्या, आणि त्या शिक्षणावरच त्यांची पुढील कीर्ती उभी राहिली. एकीचा आवाज वरच्या पट्टीतला आणि दुसरीचा खालच्या पट्टीतला असल्यामुळे त्यांचे युगुलगान विशेष गाजले व जाहिरातींत त्यांना ‘दोन शिरांची नाइटिंगेल’ म्हटले जाऊ लागले. त्या कण्याच्या खालच्या भागात जोडलेल्या होत्या. जन्मतः जवळजवळ पाठीला पाठ असलेली शरीरे वाढत्या वयात थोडी वळली आणि तिरपी शेजारी-शेजारी आली. त्यामुळे चारही पायांचा मेळ घालून त्या वॉल्ट्झ आणि पोल्का नाचत. पायांच्या संवेदना त्यांच्यात सामाईक होत्या. एकीच्या पायाला स्पर्श झाला तर तो दुसरीलाही कळत असे. १८७१ च्या ब्रिटन दौऱ्यात राणी व्हिक्टोरियासमोर त्यांचे गाणे झाले.

बालपणी प्रत्येक शहरात, ही फसवणूक नाही अशी प्रेक्षकांची खात्री पटावी म्हणून, डॉक्टरांकरवी त्यांची उघडी तपासणी होत असे. मोठेपणी त्यांनी या तपासण्यांना ठाम नकार दिला. १८७१ मध्ये फिलाडेल्फियात आजारपणामुळे उपचार घ्यावे लागले तेव्हा डॉ. विल्यम पँकोस्ट यांनी त्यांचे एक छायाचित्र काढवून घेतले. त्यात दोघी अंगावरचे वस्त्र घट्ट धरून आहेत. गुलामगिरी संपल्यानंतर त्यांनी आपण होऊन स्मिथ कुटुंबाबरोबर काम चालू ठेवले, पण आता मोबदला ठरवून. कमाईतून त्यांनी आपल्या माणसांसाठी कोलंबस परगण्यात जमीन घेतली आणि कृष्णवर्णीयांच्या शाळांना मदत केली. ऑक्टोबर १९१२ मध्ये मिली क्षयाने वारली आणि क्रिस्टीन काही तासांनी गेली.

भारताचा या परंपरेशी संबंध येतो तो ओरिसातील राडिका आणि डूडिका या बहिणींमुळे. लहान वयातच त्यांना युरोपात नेऊन त्यांचे खेळ लावण्यात आले. पुढे त्या बार्नम अँड बेली सर्कशीतही होत्या. डूडिकाला क्षय झाल्यावर १९०२ मध्ये पॅरिसमध्ये युजेन द्वाएँ या शल्यविशारदाने त्यांना विलग केले. डूडिका काही दिवसांतच मरण पावली, तर राडिका पुढच्या वर्षी. शस्त्रक्रियेचे चलचित्रण करण्यात आले होते. म्हणजे ज्या उपचाराने त्यांचे प्रदर्शन थांबायचे, त्याचेही प्रदर्शन झाले.

विसाव्या शतकात सर्वाधिक प्रसिद्धी मिळाली ती ५ फेब्रुवारी १९०८ रोजी इंग्लंडमधील ब्रायटन येथे जन्मलेल्या डेझी आणि व्हायोलेट हिल्टन या बहिणींना. त्यांचा ताबा मेरी हिल्टन हिच्याकडे आणि तिच्या मृत्यूनंतर तिची मुलगी व जावई यांच्याकडे गेला. सॅक्सोफोन, व्हायोलिन आणि नृत्य यांच्या बळावर त्यांनी अमेरिकेची नाट्यगृहे भरली; कमाई मात्र त्यांच्या हाती येत नव्हती. १९३१ मध्ये सॅन अँटोनिओच्या न्यायालयात त्यांनी दावा जिंकला आणि त्या करारातून सुटल्या. पण नाट्यगृहांतील हा करमणूक प्रकार त्याच काळात बोलपटांपुढे मागे पडत होता. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस नॉर्थ कॅरोलिनातील शार्लट शहरात व्यवस्थापकाने त्यांना वाऱ्यावर सोडले, तेव्हा एका किराणा दुकानात त्यांनी भाजी-फळे तोलण्याचे काम पत्करले. जानेवारी १९६९ मध्ये फ्लूच्या साथीत त्यांचा मृत्यू झाल्याचे उघडकीस आले.

यानंतर अशा प्रदर्शनांकडे पाहण्याची समाजाची दृष्टी बदलली आणि शस्त्रक्रियेचे पर्यायही वाढले. १९५१ मध्ये ओहायोत जन्मलेले रॉनी आणि डॉनी गॅलियन हे या परंपरेतील अखेरच्या कलावंतांपैकी होत. शाळेने प्रवेश नाकारलेल्या या भावांनी बालपणापासून जत्रांमध्ये आणि नंतर लॅटिन अमेरिकेतील सर्कशींत काम करून आई-वडिलांचे मोठे कुटुंब पोसले. १९९१ मध्ये निवृत्त होऊन ते ओहायोत स्वतःच्या घरी राहिले आणि ४ जुलै २०२० रोजी वयाच्या ६८ व्या वर्षी वारले. नोंद झालेल्या सयामी जुळ्यांमध्ये सर्वाधिक आयुष्य त्यांनाच लाभले.