लो-फ्लोअर आणि सेमी लो-फ्लोअर: फरक अडीचशे मिलिमीटरचा

केएमटीच्या, म्हणजे कोल्हापूर महापालिकेच्या शहर बससेवेच्या, नव्या बसची चर्चा निघाली की कुणीतरी म्हणतंच, "आता लो-फ्लोअर येणार, दिव्यांगांची सोय झाली." ई-बसचं नाव निघाल्यावर तर खात्रीच. बस विजेवर चालते की डिझेलवर, याचा फ्लोअरच्या उंचीशी काहीही संबंध नाही. लो-फ्लोअर आणि सेमी लो-फ्लोअर यांतला फरक मात्र कुणी विचारत नाही, आणि सगळं अडतं तिथंच.

जुनी बस सगळ्यांना माहीत आहे: फ्लोअर जमिनीपासून तीन फुटांच्या आसपास, दारात पायऱ्या, दांडी धरून वर. सेमी लो-फ्लोअर 650 मिलिमीटरवर, लो-फ्लोअर 400 वर. सीट, एसी, बोर्ड यांतले फरक सोडून द्या.

गुडघे दुखणाऱ्या आजींना सेमीही बरी वाटते, एखादीच पायरी चढायची. व्हीलचेअरला ती एक पायरीही भिंतच. रॅम्प टाकला की झालं, असं वाटतं. हिशोब करा. सार्वजनिक इमारतींत रॅम्पचा उतार 1:12 धरतात, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. बसच्या दारातला रॅम्प जेमतेम मीटरभर. फुटपाथ 150 मिलिमीटरचा धरला तर लो-फ्लोअरला चढ उरतो 250. बस डावीकडं झुकणारी असेल तर आणखी कमी. मागून कुणी ढकललं तर चढता येतं. सेमीला उरतात 500. मीटरभरात अर्धा मीटर चढ कुणी चढवून दाखवावा! तिथं लिफ्टच लागते.

आता या हिशोबातला फुटपाथ काढून टाका. गंगावेशीसारख्या गजबजलेल्या ठिकाणी थांब्यापुढं दुचाक्या लागल्या की बस रस्त्याच्या मध्येच थांबते. मग लो-फ्लोअरचाही चढ 400 होतो आणि महागड्या बसचा उपयोग संपतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 41 वाहनाबरोबर बसथांबे आणि रस्तेही धरतं, ते यासाठीच.

"कंडक्टर उचलून घेतात की!" हे ऐकलं की मला संताप येतो. परक्या माणसानं काखेत हात घालून उचलणं ही सोय नव्हे. एसटीतली 75 टक्के सवलतही चांगलीच आहे, पण ती बसमध्ये चढल्यावर.

माझं मत स्पष्ट आहे: शहरात लो-फ्लोअरच हवी. पन्हाळा, गगनबावड्याच्या घाटात उंच बस लागत असेल तर लिफ्टसकट घ्या. निविदेत नुसतं 'दिव्यांगस्नेही' लिहून निळं चिन्ह चिकटवू नका. फ्लोअरची उंची मिलिमीटरमध्ये, रॅम्पची लांबी आणि व्हीलचेअर बांधायचे पट्टे, हे तिन्ही लिहा. बस येण्याआधी थांब्यांचे कट्टे बांधा आणि त्यांच्यापुढचं पार्किंग हटवा.